चटणीच्या पाकिटापासून टॉवेलच्या पट्टीपर्यंत: कागदी लेबल आणि त्यावरचे फिनिश कसे निवडावे

सोलापुरात स्वतःच्या नावाने माल विकायला निघालेली व्यक्ती, मग ती घरी कांडलेली शेंगदाणा चटणी विकणारी गृहिणी असो, कडक भाकरी करणारा बचत गट असो किंवा पूर्व भागातल्या मागावरचे टॉवेल थेट गिऱ्हाइकाला देऊ पाहणारा विणकर असो, लेबलच्या विचाराकडे बहुधा सगळ्यात शेवटी येते. माल तयार असतो, गड्डा यात्रा (सोलापूरची जानेवारीतली मोठी जत्रा) किंवा दिवाळी तोंडावर आलेली असते आणि मग घाईघाईने छापखाना गाठून नमुन्यांची फाइल चाळली जाते. त्या फाइलमधली सोनेरी फॉइल (दाबून बसवलेला वर्ख) आणि मखमली मॅट लॅमिनेशन (चमक नसलेला प्लास्टिकचा पापुद्रा) पाहून निर्णय होतो, आणि आपला माल, आपले पाकीट व आपले ऊन यांच्याशी त्या निर्णयाचा काही संबंध आहे का, हे महिनाभराने दुकानाच्या फळीवर कळते.

म्हणून नवख्याने क्रम उलटा धरावा. आधी माल आणि डबा, मग चिकटवण, त्यानंतर मजकूर व आकार, मग कागद आणि सर्वात शेवटी फिनिश. चमक, सोनेरी रेघ, उठावदार नाव या गोष्टी आधीच्या चार निर्णयांतून उरलेल्या जागेत आणि उरलेल्या पैशांत बसवायच्या असतात. पुढची मांडणी त्याच क्रमाने केली आहे.

माल काय करतो आणि डबा कसा आहे

पहिला प्रश्न असा विचारावा की, लेबलला तेल लागणार आहे, पाणी लागणार आहे, की नुसते हात लागणार आहेत. शेंगदाण्याच्या वजनाचा जवळपास निम्मा भाग तेलाचा असतो आणि चटणी कांडताना ते तेल सुटते, हे सोलापूरकरांना सांगायला नको. पाकीट भरताना चटणीचे कण तोंडाशी लागतात, भरणाऱ्याच्या बोटांवर तेल असते, आणि तीच बोटे लेबल दाबून बसवतात. साध्या कागदावर हे तेल मुरते. सुरुवातीला कापलेल्या कडेवर एक पिवळसर, अर्धपारदर्शक रेघ दिसते, मग ती आत सरकते आणि काही दिवसांत त्या भागातून मागचे पाकीट दिसू लागते. वरून लॅमिनेशन केलेले असले, तरी कापलेली कड उघडीच असते, आणि तेल कडेनेच शिरते. त्यामुळे तेलकट मालासाठी केवळ चांगला कागद पुरत नाही; लेबल लावण्याची पद्धतही बदलावी लागते. सर्वात सोपा उपाय म्हणजे रिकाम्या, कोरड्या पाकिटावर आधी लेबल लावून घ्यावे आणि मग पाकीट भरावे. उभ्या राहणाऱ्या स्टँडी पाऊचला हे विशेष सोयीचे पडते, कारण पाऊच सपाट असताना लेबल सरळ बसते. मात्र पाऊच भरल्यावर पोट फुगते, तेव्हा लेबल फार रुंद असेल तर त्याला सुरकुती पडते; आणि सीलिंग मशीनची गरम पट्टी जिथे बसते तिथपासून लेबल निदान बोटभर लांब ठेवावे लागते.

कडक भाकरीचे दुखणे वेगळे आहे. ती कोरडी असते, पण ठिसूळ असते आणि पाकिटात थर रचलेले असल्यामुळे वरचा भाग कधी सपाट नसतो. मोठे, जाड लेबल लावले की ते भाकरीच्या कडेवर ताठ उभे राहते आणि कोपरे सुटतात. इथे लहान आणि पातळ लेबलच चांगले. डाळिंबाचा रस, सरबत, दही असा थंडाव्यात राहणारा माल असेल, तर फ्रीजबाहेर काढताच बाटलीवर दव धरते आणि साधा कागद ओला होऊन बोटाने खरवडला जातो. अशा मालासाठी कागदाचा हट्ट सोडून प्लास्टिक फिल्मचे लेबल घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता डबा. काच आणि पीईटी (पाण्याच्या बाटलीचे पारदर्शक प्लास्टिक) बरणी यांच्यावर बहुतेक चिकटवण नीट धरते. पॉलिथिनची साधी पिशवी आणि पॉलिप्रॉपिलिनचा डबा यांचा पृष्ठभाग मात्र असा असतो की, त्यावर गोंद सहज पकड घेत नाही. म्हणून छापखान्याला नुसते ‘डब्यावर लावायचे आहे’ असे न सांगता तो डबाच हातात नेऊन द्यावा. बरणी गोल असेल तर कागदाची एक सरळ पट्टी तिच्याभोवती गुंडाळून पाहावी. पट्टीची दोन टोके एकमेकांवर बरोबर आली तर बरणी सरळ आहे. टोके वरखाली सरकली तर बरणी निमुळती आहे आणि तिला सरळ आयताकृती लेबल कधीच बसणार नाही, कमानीच्या आकाराचे लेबल कापून घ्यावे लागेल. बरणीच्या खांद्याच्या आणि तळाच्या वळणापासून वर-खाली दोन-तीन मिलिमीटर जागा सोडून मगच लेबलची उंची ठरवावी, कारण वळणावर चढलेली कड हमखास उचलते. बरणी जितकी बारीक, तितका कागद पातळ हवा. जाड कागद सरळ होऊ पाहतो आणि टोकाशी सुटून उभा राहतो.

चिकटवण आणि सोलापूरचे ऊन

छापखान्याच्या भाषेत ज्याला स्टिकर किंवा गमिंग शीट म्हणतात, त्यात तीन थर असतात: वर छपाईचा कागद, मध्ये चिकटवण आणि खाली सोलून टाकायचा मेणचट कागद. नवखे गिऱ्हाईक वरच्या थराबद्दल तासभर बोलते आणि मधल्या थराबद्दल एक शब्द विचारत नाही, जरी लेबल डब्यावर राहणार की नाही हे ठरवणारा थर तोच असतो.

चिकटवणीचे ढोबळ दोन प्रकार व्यवहारात भेटतात. हॉटमेल्ट नावाची रबरी चिकटवण लावताक्षणी घट्ट धरते, पिशवीसारख्या अवघड पृष्ठभागावरही पकडते. पण उष्णतेत ती मऊ पडते, कडेने बाहेर येते आणि तिथे धूळ बसून लेबलभोवती काळी किनार तयार होते. अॅक्रिलिक चिकटवण सुरुवातीला थोडी मंद वाटते, पूर्ण पकड यायला तिला दिवसभर किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. परंतु ऊन आणि उष्णता ती अधिक सोसते. एप्रिल-मे महिन्यांत जिथे पारा चाळिशीच्या वर असतो, पत्र्याच्या शेडमध्ये आणि टेम्पोच्या हौद्यात तो त्याहूनही चढतो, त्या गावात उन्हाळ्यात विकायच्या मालासाठी अॅक्रिलिक चिकटवणीचीच मागणी करावी. ती मागणी बोलून दाखवावी लागते. न बोलता मिळेल ती शीट छापखान्यात त्या दिवशी असलेली शीट असेल.

दुसरी बाब लावण्याच्या वेळेची. नुकत्याच भरलेल्या गरम बरणीवर किंवा बाहेरून ओलसर असलेल्या बाटलीवर लेबल लावू नये. डबा कोरड्या फडक्याने पुसून, सामान्य तापमानाला आणून, मधून कडेकडे दाबत लेबल बसवावे आणि लगेच पेट्यांत कोंबू नये.

आधी मजकूर, मग आकार

बहुतेक जण आकार मनाशी ठरवून मजकूर त्यात कोंबतात. खाद्यपदार्थाच्या बाबतीत तसे केले तर जागा पुरत नाही, कारण कायद्याने सांगितलेला मजकूरच बराच असतो. पाकीटबंद खाद्यपदार्थासाठी एफएसएसएआयचे (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे) 2020 सालचे लेबलिंगविषयक नियम आणि वैधमापन शास्त्राचे (वजन-मापांच्या कायद्याचे) 2011 सालचे पाकीटबंद वस्तूंचे नियम, असे दोन्ही एकत्र पाळावे लागतात. पदार्थाचे नाव, वजनाच्या उतरत्या क्रमाने घटक, पोषणमूल्यांचा तक्ता, शाकाहारी चिन्ह, एफएसएसएआयचे बोधचिन्ह आणि 14 अंकी क्रमांक, उत्पादकाचे नाव व पूर्ण पत्ता, निव्वळ वजन, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख, वापरण्याची अंतिम तारीख, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, प्रति ग्रॅम दर आणि ग्राहक तक्रारीसाठी संपर्क ही यादी कागदावर लिहून काढावी. आपला पदार्थ आणि परवान्याचा प्रकार यांनुसार तिच्यात काही भर किंवा सूट आहे का, हे छपाईपूर्वी एकदा तपासून घ्यावे.

या यादीतल्या चार-पाच बाबींवर नवखे लोक वारंवार अडखळतात. शेंगदाणा हा अॅलर्जी निर्माण करणाऱ्या घटकांच्या यादीत आहे, म्हणून पदार्थाच्या नावातच शेंगदाणा असला तरी ‘यात शेंगदाणा आहे’ ही सूचना स्वतंत्रपणे हवी. शाकाहारी चिन्ह म्हणजे हिरव्या चौकटीत भरीव हिरवे वर्तुळ. पाकिटाच्या मुख्य दर्शनी भागाचे क्षेत्रफळ 100 चौरस सेंटिमीटरपर्यंत असेल तर त्या वर्तुळाचा व्यास किमान 3 मिलिमीटर हवा, आणि पाकीट मोठे होईल तसा तो वाढतो. प्रति ग्रॅम दर म्हणजे किंमत भागिले वजन: 200 ग्रॅमची किंमत 90 रुपये असेल तर तो दर 0.45 रुपये होतो, आणि तो किमतीजवळच छापला की हिशेब स्वच्छ राहतो. वजन इंग्रजीत लिहिताना ग्रॅमसाठी एकच लहान ‘जी’ लिहावा; ‘जीएम’, ‘जीएमएस’ असे लिहिण्याची आपल्याकडची सवय नियमात बसत नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावा लागतो. मराठी त्याच्या जोडीला हवी तेवढी वापरता येते आणि वापरावीही, पण फक्त मराठीत छापलेले लेबल नियमाच्या दृष्टीने अपुरे ठरते. म्हणजेच काही मजकूर दोनदा येणार, हे गृहीत धरूनच जागा मोजावी.

एवढा मजकूर एका लेबलवर मावत नसेल, तर पुढे एक आणि मागे एक अशी दोन लेबले करावीत. पुढच्यावर नाव, वजन, चिन्ह; मागच्यावर बाकीचे सगळे. मागचे लेबल साध्या कागदावर, फिनिशशिवाय छापले तर खर्चही कमी होतो आणि तारीख मारायला जागाही मिळते. त्या तारखेचे महत्त्व पुढे येईल.

आकार ठरवताना छपाईची शीट ध्यानात घेतली तर पैसे वाचतात, आणि हे गणित घरी बसून करता येते. छोट्या कामासाठी 12 बाय 18 इंची शीट सर्रास वापरली जाते. मशीनच्या पकडीसाठी कडा सोडल्यावर तिच्यात साधारण 292 बाय 444 मिलिमीटर जागा उरते असे धरू. आपले लेबल 75 बाय 100 मिलिमीटरचे असेल आणि चारही बाजूंना कटिंगसाठी 3 मिलिमीटर जास्तीची छपाई ठेवली, तर प्रत्येक लेबल 81 बाय 106 मिलिमीटर जागा घेते, आणि शीटवर आडवी 3 व उभी 4, म्हणजे 12 लेबले बसतात. तेच लेबल 66 मिलिमीटर रुंद केले तर आडवी 4 बसतात आणि शीटवर 16 लेबले येतात. 9 मिलिमीटरच्या फरकाने तेवढ्याच शीटमध्ये तिसरा हिस्सा लेबले जास्त मिळतात. म्हणून डिझाइन करून घेण्यापूर्वी छापखान्याला त्याच्या शीटची छपाईयोग्य जागा विचारावी.

कागद

छपाईच्या कागदाचे जाडपण जीएसएममध्ये, म्हणजे एका चौरस मीटरच्या ग्रॅममधील वजनात सांगतात. स्टिकरचा वरचा कागद बहुधा 80 जीएसएमच्या आसपास असतो.

क्रोमो हा एका बाजूने लेप दिलेला गुळगुळीत कागद बहुतेक लेबलांसाठी पुरेसा असतो. रंग त्यावर स्वच्छ येतात. मिरर कोट हा त्याचाच अधिक चकचकीत भाऊबंद. मॅपलिथो म्हणजे लेप नसलेला, वहीच्या पानासारखा कागद; त्यावर शाई मुरते, रंग मंद दिसतात, पण पेनाने लिहिता येते आणि शिक्का पटकन सुकतो, म्हणून मागच्या लेबलला तो उत्तम. थर्मल कागदावर शाईच लागत नाही, उष्णतेने अक्षर उमटते. वजनकाट्याच्या चिठ्ठ्या त्यावरच निघतात. नेमक्या याच कारणाने तो कायमच्या लेबलसाठी नको: सोलापूरच्या उन्हात ठेवलेल्या गाडीत अशी चिठ्ठी काळपट पडते आणि फळीवर राहिली तर अक्षर उडते. तारीख आणि किंमत त्यावर छापून लावणाऱ्यांनी हे पक्के लक्षात ठेवावे.

सध्या गावरान, घरगुती असे काही दाखवायचे असले की तपकिरी क्राफ्ट कागद मागितला जातो. तो दिसतो छान, हे मान्य. पण त्याचे दोन तोटे कोणी आपणहून सांगत नाही. नेहमीच्या चार रंगांच्या छपाईत पांढरी शाई नसते, पांढरे म्हणजे कागदाचाच पांढरेपणा. कागद तपकिरी असला की पांढरे काही उरत नाही, पिवळा जवळजवळ दिसेनासा होतो आणि शाकाहारी चिन्हाचा हिरवा मळकट होतो. चटणीचा लाल रंग, ज्याच्यावर सगळी विक्री, तो विटकरी दिसतो. दुसरे असे की, क्राफ्टवर तेलाचा डाग पडला तर तो पांढऱ्या कागदापेक्षा गडद उठून दिसतो. क्राफ्ट वापरायचाच असेल तर एकाच काळ्या किंवा गडद रंगात छपाई करावी. नुसता क्राफ्टचा भास हवा असेल, तर क्रोमोवर त्याची छटा छापून घेणे जास्त शहाणपणाचे आहे, कारण तिथे चिन्हांसाठी पांढरी चौकट सोडता येते.

इथेच एक सूचना करून ठेवतो, कारण आपल्या बाजारात ही पद्धत फार रुळली आहे. स्टिकरचा खर्च वाचवण्यासाठी छापील चिठ्ठी थेट पारदर्शक पाकिटात, चटणीला किंवा पापडाला टेकून टाकली जाते. छपाईची शाई खाद्यपदार्थाला लागू नये हा साधा आरोग्याचा नियम आहे; तेलकट पदार्थात तर शाई सुटण्याची शक्यता अधिक. चिठ्ठीच वापरायची असेल तर ती दुहेरी पिशवीच्या मधल्या थरात ठेवावी, किंवा पाकिटाच्या तोंडावर घडी घालून बाहेरून बसवावी.

फिनिश

आता, आणि आताच, फिनिशचा विचार करावा. फिनिशची दोन कामे असतात: छपाईचे रक्षण करणे आणि नजर खेचणे. खर्चाची वही समोर ठेवून पहिल्यासाठी आधी पैसे बाजूला काढावेत.

सर्वात स्वस्त म्हणजे वार्निश. छपाईनंतर त्याचा पातळ थर दिला की शाई घासली जात नाही, पण तेल-पाण्यापासून खरे संरक्षण मिळत नाही. कोरड्या मालाला, पेटीत बंद राहणाऱ्या मालाला वार्निश पुरते. यूव्ही कोटिंग अतिनील दिव्याखाली लगेच सुकते आणि अधिक कडक, चकचकीत थर देते. मात्र लेबल घडीवर किंवा तीव्र वळणावर येत असेल तर तो थर तडकू शकतो. लॅमिनेशन म्हणजे कागदावर चिकटवलेला प्लास्टिकचा पातळ पापुद्रा. ओले हात, तेलकट बोटे, पुसले जाणे यांना खरा टिकाव धरणारा पर्याय हाच.

ग्लॉस (चकचकीत) की मॅट, हा प्रश्न आवडीचा वाटतो, पण चटणी-मसाल्यांसाठी तो स्वच्छतेचा आहे. मॅटवर तेलकट बोटाचा ठसा उमटतो आणि पुसला तर चकाकणारा डाग उरतो. गडद रंगाच्या मॅट लेबलवर तर पेटीतल्या घर्षणाचे पांढुरके ओरखडेही दिसतात. ग्लॉस फडक्याने स्वच्छ होतो. त्याचा दोष एवढाच की दुकानातल्या ट्यूबलाइटचा उजेड त्यावर परावर्तित होतो आणि बारीक अक्षर वाचायला पाकीट तिरके करावे लागते. तेलकट, लाल मालाला ग्लॉस आणि कोरड्या मालाला मॅट, असा माझा कल आहे. मखमली स्पर्शाचे लॅमिनेशन भेटवस्तूंच्या पेट्यांसाठी ठेवावे. रोज हाताळल्या जाणाऱ्या 200 ग्रॅमच्या पाकिटावर तो पैसा मातीमोल होतो.

स्पॉट यूव्ही, म्हणजे मॅट पृष्ठभागावर फक्त नावापुरती चमक, आणि सोनेरी-रुपेरी फॉइल यांचा परिणाम निश्चित होतो, पण दोन्ही ठिकाणी रेघ जाड हवी. देवनागरीतली वेलांटी, रफार आणि जोडाक्षरांतली बारीक पोकळी फॉइलमध्ये भरून निघते. ‘श्री’ किंवा ‘ज्ञ’ बारीक काढला तर सोनेरी ठिपका तेवढा दिसतो. फॉइलच्या ठशाचा खर्च एकदाच होतो, त्यामुळे नग थोडे असतील तर तो प्रत्येक लेबलवर जड पडतो. एम्बॉसिंग, म्हणजे उठावाचे काम, पातळ स्टिकरवर जवळजवळ जाणवत नाही आणि गोल बरणीवर दाबून लावताना उरलेसुरलेही सपाट होते. ते कार्डावर शोभते.

फिनिशच्या नादात तारखेची जागा विसरली जाते, आणि ही चूक सर्वांत महाग पडते. लॅमिनेशन किंवा यूव्हीवर साध्या रबरी शिक्क्याची शाई सुकत नाही; दोन दिवसांनीही अंगठा फिरवला की बॅच क्रमांक पुसला जातो. हातात धरून मारायचे इंकजेट मशीन घेतले असले तरी गुळगुळीत पृष्ठभागासाठी त्यात लवकर सुकणारी सॉल्व्हंट शाई लागते, पाण्याची शाई चालत नाही. वार्निश किंवा यूव्ही घेताना तेवढी चौकट कोरी सोडायला छापखान्याला सांगता येते. संपूर्ण लॅमिनेशनमध्ये ते अवघड असते. म्हणून वर सुचवलेले मॅपलिथोचे वेगळे मागचे लेबल हा सर्वांत सुटसुटीत मार्ग आहे.

बारकोडही फिनिशचा बळी ठरतो. बारकोडचे क्रमांक देणाऱ्या जीएस1 इंडिया या संस्थेकडून घेतलेला, 890 ने सुरू होणारा 13 अंकी बारकोड मूळ मापात सुमारे 37 बाय 26 मिलिमीटरचा असतो आणि तो 80 टक्क्यांपेक्षा लहान करू नये. पट्ट्या काळ्या आणि पार्श्वभूमी पांढरी हवी. लाल पट्ट्या स्कॅनरच्या लाल प्रकाशाला दिसतच नाहीत. सोनेरी फॉइलवर, क्राफ्टवर किंवा बरणीच्या वळणावर आडवा बारकोड ठेवू नये. बारीक बरणीवर तो शिडीच्या पायऱ्यांसारखा उभा फिरवावा, म्हणजे स्कॅनर चालतो.

फाइल आणि मराठी अक्षरे

डिझाइन एका संगणकावर केलेले असते आणि छपाई दुसऱ्या संगणकावरून निघते. मधल्या प्रवासात मराठीचे जे हाल होतात ते इंग्रजीचे होत नाहीत. जुन्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडला की विचित्र चिन्हांचा खच पडतो, आणि युनिकोडमधला मजकूर कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीत नेला तर वेलांट्या जागा बदलतात. उपाय असा की, अंतिम फाइल देताना सर्व अक्षरे कर्व्हमध्ये, म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या रेषाकृतींत, बदलून घ्यावीत आणि जोडीला पीडीएफ द्यावी. मूळ, बदलता येण्याजोगी फाइल मात्र स्वतःकडे ठेवावी. किंमत बदलली की तिची गरज लागते, आणि ती डिझायनरकडेच राहिली तर प्रत्येक वेळी त्याच्या मागे फिरावे लागते.

गडद पार्श्वभूमीवर पांढरी बारीक अक्षरे टाळावीत. चार रंग एकमेकांवर अगदी तंतोतंत बसले नाहीत, तर ती अक्षरे अर्धवट भरतात. घटकांची यादी आणि पत्ता पांढऱ्यावर एकाच काळ्या रंगात छापावा.

टॉवेल, चादरी आणि कपड्याचा माल

कापडाचे गणित निराळे असते, कारण कापडावर स्टिकर लावू नये. चिकटवण सुताच्या फासांत शिरते आणि टेरी टॉवेलवर तर सोलताना दोरेही ओढले जातात. टॉवेलच्या घडीभोवती 130 ते 170 जीएसएमच्या आर्ट पेपरची (दोन्ही बाजूंनी लेप दिलेल्या गुळगुळीत कागदाची) पट्टी गुंडाळावी आणि पट्टीची टोके एकमेकांवर, म्हणजे कागदाला कागद, चिकटवावीत. स्टेपलची पिन टाळावी. पावसाळ्यात तिचा गंज पांढऱ्या टॉवेलवर उतरतो. चादर पारदर्शक पिशवीत जात असेल तर आत 300 जीएसएमच्या आसपासचे कार्ड टाकतात. त्या कार्डाला मॅट लॅमिनेशन, फॉइल, उठाव काहीही शोभते, कारण तेल नाही, ओलावा नाही आणि हात पिशवीला लागतात. सोनेरी कामाची हौस इथे पुरी करून घ्यावी. एकच दक्षता घ्यावी: छपाई पूर्ण सुकल्याशिवाय गडद रंगाचे कार्ड पांढऱ्या कापडाला टेकवू नये.

टॉवेल-चादरींवर नगांची संख्या आणि तयार मापे, म्हणजे लांबी व रुंदी, छापावी लागतात. ‘सोलापुरी चादर’ आणि ‘सोलापूर टेरी टॉवेल’ यांना भौगोलिक मानांकन आहे. ते नाव व बोधचिन्ह लेबलवर वापरण्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. नोंदणी नसताना चिन्ह छापलेल्या पट्ट्या रद्दीत घालवाव्या लागतील, म्हणून छपाईपूर्वीच जिल्हा उद्योग केंद्रात किंवा आपल्या उत्पादक संघाकडे चौकशी करावी.

नमुना, परीक्षा आणि पहिली ऑर्डर

पडद्यावरचा रंग आणि कागदावरचा रंग एक नसतो. म्हणून प्रूफ, म्हणजे छपाईपूर्वीचा तपासणी नमुना, मोबाइलवर पाहून होकार देऊ नये. ज्या कागदावर, ज्या फिनिशसह छपाई होणार आहे त्याच कागदावर दोन-चार नमुने काढून घ्यावेत आणि ते दिवसाच्या उजेडात व दुकानाच्या दिव्याखाली असे दोन्हीकडे पाहावेत. त्यांतला एक नमुना भरलेल्या पाकिटावर लावून दिवसभर पकड येऊ द्यावी आणि मग त्याचा छळ करावा. कडेवर चटणीचे तेल लावून रात्रभर ठेवावे. एक पाकीट दुपारच्या वेळी उन्हात उभ्या केलेल्या स्कूटरच्या डिकीत टाकावे. एक फ्रीजमध्ये ठेवून बाहेर काढावे, आणि दव धरल्यावर अंगठ्याने घासून पाहावे. काही पाकिटे पेटीत भरून रिक्षाने अक्कलकोट रोडपर्यंत नेऊन आणावीत आणि ओरखडे तपासावेत. तारखेचा शिक्का मारून, सुकल्यावर पुसून पाहावा. बारकोड ओळखीच्या किराणा दुकानातल्या स्कॅनरवर धरावा. या सगळ्यांत जे लेबल टिकेल तेच छापावे, नमुन्याच्या फाइलमध्ये ते कितीही साधे दिसत असले तरी.

पहिली ऑर्डर तीन-चार महिन्यांच्या विक्रीपुरतीच द्यावी. दर नग स्वस्त पडतो म्हणून वर्षाचा साठा छापून घेण्याचा मोह होतो, परंतु पहिल्या वर्षी किंमत बदलते, पत्ता बदलतो, वजनाचे पाकीट बदलते. काही शे लेबलांसाठी डिजिटल छपाई बरी. हजारोंच्या घरात गेल्यावर ऑफसेट (प्लेट बनवून होणारी छपाई) परवडते, आणि लेबल मशीनने लावायचे ठरले तर गुंडाळ्यांवरच्या फ्लेक्सो (लवचीक ठशांच्या) छपाईची चौकशी करावी. दिवाळीपूर्वी आणि कॅलेंडर-डायऱ्यांच्या हंगामात छापखाने भरलेले असतात, त्यामुळे जानेवारीतल्या गड्डा यात्रेसाठीची लेबले नोव्हेंबरमध्येच हाती असावीत.

ऑर्डर देताना कागद, जीएसएम, चिकटवण, फिनिश, आकार, नगसंख्या आणि हाफ कट (खालचा कागद न कापता फक्त लेबल कापणे) करून शीटवर हवे की सुटे, हे सारे एका कागदावर लिहून द्यावे व त्यावर मान्य केलेला नमुना चिकटवून दोघांनी सही करावी. पुढच्या खेपेला रंग जुळवायचा असेल तेव्हा तोच नमुना पुढे धरता येतो. कापण्याची डाय (लेबलच्या आकाराचा साचा) कोणाच्या मालकीची, हेही तेव्हाच विचारून घ्यावे. उरलेल्या शीट मूळ प्लास्टिकमध्ये गुंडाळून, आडव्या, पत्र्यापासून आणि खिडकीपासून दूर ठेवाव्यात. कोरड्या हवेत उघड्या राहिलेल्या शीट कडेने वळतात आणि मग त्यांतली लेबले सरळ लावता येत नाहीत.